‘चोरवाट’ खेळावा की नाही

एखादी गोष्ट करण्यापेक्षा ती करण्यासारखी आहे की नाही हे ठरवणं जास्त जबाबदारीचं काम आहे. करून टाकणं कुणालाही जमतं. ठरवायला समिती लागते.

आमच्या गावाला अशी समिती १९८८ च्या उन्हाळ्यात नेमावी लागली, ती भैरूमुळे. भैरू पिरंगुटच्या एका कारखान्यात खोकी बांधतो. तिथल्या साहेबांच्या छोट्या संगणकावर (टीव्हीला जोडतात तो) खटपट करून त्याने ‘चोरवाट’ नावाचा व्हिडिओ गेम तयार केला. साहेबांनी संगणक दोन दिवस घरी न्यायला दिला आणि म्हणाले, “गावात दाखव. खेळण्यासारखा आहे असं लोक म्हणाले, तर सोमवारी कॅसेट घेऊन ये. तुला संगणक विभागात घेतो.” इतकं गंभीर काम इतक्या हलक्या शब्दांत आजवर कुणी गावावर सोपवलं नसेल.

अध्यक्ष कोंडाजीआबा, कारण जत्रेच्या ऐतिहासिक नाटकात सेनापती तेच असतात. सदस्य सारजाबाई, कारण बैठक त्यांच्याच पडवीत होती. सचिव मी, बी.एस्सी. (पदार्थविज्ञान). मत कलुषित होऊ नये म्हणून निर्णय लागेपर्यंत सदस्यांनी खेळाला हात लावू नये, असा पहिला ठराव झाला.

खेळ कॅसेटवर साठवलेला होता. रविवारी भैरूने टेपरेकॉर्डर संगणकाला जोडून लावला. कॅसेट बराच वेळ किंचाळली आणि खेळ संगणकात उतरला. “एकदा उतरला की टेपचं काम संपलं,” भैरू म्हणाला. हे वाक्य समितीने लक्षात ठेवलं.

खेळ असा: शिवकाळातला एक हेर तटावरून उड्या मारत, गवताच्या गंजीत लपत, पहारेकऱ्यांच्या पाठीमागून गडाच्या माथ्यावर निरोप पोचवतो. दिसला की पुन्हा पायथ्याशी. चुकला नाही तर चहा निवायच्या आत खेळ संपतो.

“ह्याची तलवार कुटं हाय?” आबांनी विचारलं.

“न्हाई, आबा. कुणाला दिसायचंच न्हाई ह्यात.”

“मग लोकांनी बघायचं काय? आन् एवढ्यात तर आमचा मुजरासुदिक होत न्हाई!”

सारजाबाईंची हरकत मूलभूत होती. “पहारेकरी इचारत कसा न्हाई, ‘कुनाचा रं तू, कुटं निघालास?’ माझ्या दारावरनं मांजर गेलं तरी मी इचारते.”

“मावशे, त्याला बोलायला यंत्रात जागा न्हाई.”

“बोलायला जागा कशाला लागती? बरं, मला एकदा दाबू दे की ते बटन.”

“ठराव!” आबा गरजले. सारजाबाईंनी हात पदराखाली घेतला.

मी हेराच्या उडीची उंची आणि वेळ मोजून गुरुत्वाकर्षण काढलं. ते पृथ्वीच्या एक षष्ठांश निघालं. म्हणजे गड चंद्रावर आहे. चंद्र मुळशी तालुक्याच्या हद्दीत येत नसल्याने ही हरकत निकाली काढण्यात आली.

निर्णयाच्या वेळी खेळ बनवणारा हजर नसावा, म्हणून भैरूला चहा आणायला पाठवलं. निर्णय मात्र साहेबांना आबांच्याच आवाजात ऐकवायचा होता. टेप समोर होताच. कॅसेटबद्दल मी शंका काढली, तेव्हा आबा म्हणाले, “डब्यातलं पीठ परातीत ओतलं. डबा आता रिकामा न्हवं?” या तर्कात मला दोष सापडला नाही. कॅसेट सुरुवातीला आणली आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. आबा सेनापतीच्या आवाजात बोलले, कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत. शेवटचं वाक्य: “खेळ खेळण्यालायक हाय, एकमतानं!”

टाळ्या पडल्या आणि वीज गेली. (याबद्दल समितीला काही म्हणायचं नाही, ती रोजच जाते.)

वीज आली तेव्हा भैरू चहा घेऊन दारात होता. निर्णय ऐकून त्याने पहिला कप आबांना दिला. सारजाबाई केव्हाच संगणकापुढे बसल्या होत्या. “आता झालं न्हवं मंजूर? लाव बिगी बिगी.”

वीज गेल्याने यंत्र कोरं झालं होतं. भैरूने हसत कॅसेट पुन्हा सुरुवातीला आणून लावली. किंचाळी आली नाही. “आजच्या सभेला मी परवानगी देतो...” असा भारदस्त आवाज आला.

भैरूने कॅसेट पुढे-मागे फिरवून पाहिली. सगळीकडे आबाच बोलत होते.

“आबा,” भैरू हळूच म्हणाला, “दुसरी कॅसेट न्हाई.”

“मंजुरी तर हाय न्हवं?” आबा म्हणाले.

सोमवारी भैरूने मंजुरी साहेबांना ऐकवली. कशाला मंजुरी, असं त्यांनी विचारलं. भैरू अजून खोकी बांधतो आणि सुट्टीच्या दिवशी खेळ पहिल्यापासून लिहितो. सारजाबाई त्याला रोज विचारतात, “कुटवर आला रं तुझा गडी?” नव्या खेळासाठी नवी समिती लागेल, हे त्याला कळवलेलं आहे.

समितीला हसणाऱ्या वाचकांनी एवढंच ध्यानात घ्यावं: हा अहवाल वाचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात हेर माथ्यावर पोचून खाली आला असता. तुम्हीही खेळ सोडून आमचं मत ऐकत बसलात. पुढच्या समितीत एक जागा रिकामी आहे.