या, इंगळे, बसा

आमच्या शेजारचे इंगळे इन्कम टॅक्सच्या वेबसाइटवर जाताना पँट घालतात.

घरातल्या घरात, स्वतःच्या टेबलाशी बसून जायचं असलं तरी. एरवी रविवारी सकाळी हा माणूस पट्ट्यापट्ट्यांची हाफ चड्डी आणि हवेशीर बनियन अशा वेशात गॅलरीत उभा राहून चारकोपच्या आमच्या अख्ख्या सोसायटीकडे बघत असतो. पण दहा वाजले की आत जाऊन दाढी करतो, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतो, खिशाला पेन लावतो आणि मला हाक मारतो. "साहेब, या. निघायचं."

निघायचं म्हणजे हॉलमधून आतल्या खोलीत जायचं.

"लग्नात एवढे नटले नव्हते हे," वहिनी चहाचे कप ठेवताना म्हणतात.

"तिथे टॅक्स कापला नव्हता," इंगळे म्हणतात.

पहिल्या वेळी मी न राहवून विचारलं होतं, की हा पोशाख कशाला? त्यांनी माझ्या लेंग्याकडे पाहिलं.

"कचेरी आहे ती सरकारची. चड्डीवर जातात का तिथे?"

"अहो, पण त्यांना तुम्ही कुठे दिसताय?"

"मला ते दिसतात ना!"

इंगळ्यांचा धंदा वॉटरप्रूफिंगचा. इमारतीचं काम एक मोठा कंत्राटदार घेतो आणि प्लास्टर एकाला, लादी दुसऱ्याला, रंग तिसऱ्याला असं वाटून टाकतो. इंगळ्यांच्या वाट्याला बाथरूम, संडास आणि गच्च्या येतात. बिल चुकवताना मोठा कंत्राटदार शंभरातला एक रुपया टॅक्स म्हणून कापून घेतो आणि इंगळ्यांच्या पॅन नंबरवर सरकारात भरतो. तो खरंच भरला का, हे वेबसाइटवर आपल्या खात्यात बघता येतं. शहाणी माणसं ते वर्षातून एकदा, रिटर्न भरायच्या आधी बघतात. त्याहून शहाणी माणसं दुसऱ्याला बघायला सांगतात. इंगळे दर रविवारी बघतात.

त्या पानावर तीन-तीन महिने काहीही हलत नाही, हे मी त्यांना समजावून पाहिलं.

"तुमच्या देवळातला देव तरी कुठे हलतो? जाताच ना दर मंगळवारी?"

मी विम्याच्या ऑफिसात आहे, म्हणजे कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं, असा त्यांचा समज आहे. तो दूर करायचा धीर मला झालेला नाही, कारण वहिनींचा चहा उत्तम असतो. मी टाइप करतो, ते मागे उभे राहतात. उभे का, तर आत बोलावल्याशिवाय बसायचं नाही म्हणून. ह्या वेबसाइटवर पासवर्डच्या वेळी, तुम्हीच कधीकाळी ठरवून दिलेला एक मजकूर समोर येतो. तो ओळखीचा निघाला की आपण खऱ्या जागी आलो, असं समजायचं. लोक तिथे मुलांची नावं घालतात. इंगळ्यांनी घातलंय, "या, इंगळे, बसा". ते वाचलं की ते समाधानाने खुर्ची ओढतात.

मग वेबसाइट आपल्याला दुसऱ्याच वेबसाइटवर पाठवते. ह्याचं मला कौतुक नाही, इंगळ्यांना आहे. "बघा, ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर. ओरिजिनल सरकार!"

शेवटी ते पान उघडतं. टॅक्स कापणाऱ्या कंपन्यांची नावं एकाखाली एक येतात आणि इंगळे ती शाळेतल्या हजेरीसारखी मोठ्याने वाचतात. आकड्यांकडे त्यांचं फारसं लक्ष नसतं. ह्या हजेरीचा परिणाम त्यांच्या एकंदर वागण्यावर झालेला आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवर बोलायचं असलं तरी ते उभे राहून सुरुवात करतात, "ज्याचा टॅक्स कापला जातो असा एक माणूस म्हणून मी सांगतो..." सेक्रेटरी मान खाली घालतो. सबंध इमारतीत टॅक्स कापून घेण्याचा अभिमान असलेला दुसरा माणूस नाही. आमचे बाकीचे सगळे नोकरदार पगाराच्या स्लिपकडे बघून सुस्कारे टाकणारे.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं, की ह्यात एवढं काय बघण्यासारखं आहे?

"साहेब, आमचं काम झालं की त्याच्यावर लादी बसते. लोक बाथरूममध्ये येतात, लादीला वा म्हणतात. आम्ही खाली गाडलेले. काम चांगलं असलं तर जन्मात कोणाला आमची आठवण येत नाही. गळलं तरच नाव निघतं." मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "फक्त इथे दिसतो."

मोठेपणाचा आव आणणाऱ्या माणसांची मला ॲलर्जी आहे. पण त्या दिवसापासून इंगळ्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर मी विनोद करायचं थांबवलं. म्हणजे, कमी केलं.

आता ती लादी बसवणाऱ्याबद्दल. दत्ता राणे कुडाळकडचे, राहायला बोरिवलीला. खाली इंगळ्यांचा पाणी अडवणारा सिमेंटचा कोबा आणि वर राण्यांची लादी, असं ह्या जोडीने अंधेरीपासून दहिसरपर्यंत किती बाथरूम केल्या असतील कोण जाणे. एकाचा टिफिन दुसऱ्याने खायचा. एकाला काम मिळालं की दुसऱ्याला मिळालंच. मग गोरेगावच्या एका टॉवरमध्ये एका फ्लॅटची बाथरूम खालच्या फ्लॅटमध्ये गळली. इंगळे म्हणाले, राण्याच्या माणसांनी पायपासाठी छिन्नी मारून माझा कोबा फोडला. राणे म्हणाले, तुझो कोबो पाणी अडवता की पाजता? सगळ्या साइटसमोर दोघे एकमेकांना नको ते बोलले. चूक नक्की कोणाची, ते आजतागायत कळलेलं नाही. ती बाथरूम तिसऱ्याच माणसाने दुरुस्त केली. ह्या दोघांनी मात्र बोलणं टाकलं, ते तीन वर्षं. त्याच कंत्राटदाराकडे, त्याच इमारतींत, एकाचं काम संपल्यावर दुसऱ्याने जायचं आणि जिन्यात समोर आलं तर भिंतीकडे बघायचं.

गेल्या वर्षी एका रविवारी हजेरी चालू असताना इंगळे अडखळले.

"हे काय?"

गोरेगावच्या त्या कंत्राटदाराच्या नावाखाली एक ओळ जास्त होती.

"ह्या तीन महिन्यांत मी त्यांचं कामच केलेलं नाही. बिलच नाही, तर टॅक्स कुठला?"

"असेल चुकून," मी म्हटलं. "तुमच्याच नावावर जास्त भरलाय ना? मग तुमचं काय बिघडलं?"

"साहेब, ही लादी आहे." त्यांचा आवाज चढला. "त्या इमारतीत तेव्हा फक्त लादी चालू होती. दत्त्याचा टॅक्स माझ्या खात्यात आलाय!"

दुसऱ्या दिवशी मला अर्धी रजा टाकायला लावून ते मला गोरेगावला घेऊन गेले. कंत्राटदाराकडे हिशेब बघणाऱ्या पारेखबेन ही फार शांत बाई. त्यांनी एक फाइल काढली. त्यावर लिहिलं होतं, "इंगळे-राणे". आत दोघांच्या पॅनकार्डांच्या झेरॉक्स एकमेकींना पिन मारून लावलेल्या होत्या, इंगळ्यांची वर.

"अरे, नवीन पोरीने वरचाच नंबर टाकला," त्या म्हणाल्या. "पण तिची काय चूक? तुम्ही दोघं एकच ना?"

"एकच कसे? तीन वर्षं झाली आमचं भांडण होऊन!"

"मला कुठे कोणी लेखी दिलं?"

पारेखबेनने पिन काढली नाही, फाइल फक्त जवळ ओढली. "दुरुस्ती मी पाठवते. पण राणेभाईंच्या खात्यात ती दिसली का, ते तिकडून कोणीतरी बघायला पाहिजे हां. थोडे महिने लागतील. आणि ते तर गावी गेले ना, कायमचे. हे शेवटचंच बिल."

"कायमचे?"

"गुडघे गेले म्हणाले. लादीचं काम म्हणजे दिवसभर उकिडवं. घर विकून गेले."

रिक्षात इंगळे लिंक रोड संपेपर्यंत खिशाचं पेन काढत आणि परत लावत होते.

"सांगितलंसुद्धा नाही त्याने," शेवटी म्हणाले.

"तुम्ही बोलत नाही ना त्यांच्याशी."

"म्हणून काय सांगायचं पण नाही?"

फोन मी लावायचा, मीच बोलायचं, असं ठरलं. शेजारी असण्याचे हे फायदे. मी स्पीकर लावला.

"नमस्कार, मी चारकोपहून बोलतोय. इंगळ्यांचा शेजारी."

पलीकडून एकदम घाबरलेला आवाज. "काय झाला? मेलो काय तो?"

"जिवंत आहे म्हणावं!" इंगळे खुर्चीतून ओरडले.

"मगे ठीक आसा," राणे म्हणाले.

मी सगळं समजावलं. राण्यांनी आपलं खातं जन्मात उघडलं नव्हतं, पासवर्ड ही काय चीज आहे तेही त्यांना माहीत नव्हतं. उपाय एकच होता. त्यांच्या खात्यात शिरायचं म्हटलं की दर वेळी त्यांच्या मोबाइलवर सहा आकडे येणार, ते त्यांनी आम्हाला सांगायचे. एरवी असे आकडे कोणालाही सांगू नयेत, हेही मी त्यांना सांगितलं.

"इंगळ्याक सांगूक काय हरकत नाय," राणे म्हणाले. "तो माझा काय नेतलो?"

तर मग दर रविवारी दोन कचेऱ्या सुरू झाल्या. आधी इंगळ्यांची, मग राण्यांची. पहिल्या रविवारी राण्यांनी सहा आकडे सांगितले आणि फोन ठेवला. दुसऱ्या रविवारी आकडे झाल्यावर इंगळे, मी समोर नसल्यासारखं करून, म्हणाले, "गुडघ्याला काय लावतोस?" पलीकडून कुठल्याशा तेलाचं नाव आलं. इंगळे म्हणाले, ते तेल म्हणजे फसवणूक आहे. राणे म्हणाले, तुझा सिमिट तरी खय खरा होता? मला वाटलं, वाट लागली. पण पलीकडे कोणीतरी हसत होतं.

पुढे आकड्यांना उशीर व्हायला लागला. आधी मुलीची चौकशी, सुपारीचं झाड, कोण गेलं, कोण आजारी आहे. आकडे येऊन बाद व्हायचे आणि आम्ही पुन्हा मागवायचो. माझा चहा दोन वेळा व्हायला लागला. हॉलमधून वहिनी म्हणायच्या, "अगं बाई, कचेरीत एवढ्या गप्पा?"

आणि मग एका रविवारी ती ओळ राण्यांच्या खात्यात आली. कंत्राटदाराचं नाव, तारीख, रक्कम, सगळं बरोबर. इंगळ्यांच्या खात्यातून गेली होती आणि इथे बसली होती. मी बोट दाखवलं. इंगळ्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. फोन चालूच होता.

"दिसला काय रे?" राण्यांनी विचारलं.

सरकारच्या कचेरीत, इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन असताना इंगळे खोटं बोलले.

"नाही रे अजून. पुढच्या रविवारी बघू."

"बरा," राणे म्हणाले. "घाय नाय."

मी इंगळ्यांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते.

त्यानंतर काही रविवार असेच गेले. मी इमानेइतबारे राण्यांचं खातं उघडायचो, ती ओळ तिथे जागच्या जागी असायची आणि इंगळे "अजून नाही" म्हणायचे. एका दुपारी पारेखबेनचा मला माझ्या ऑफिसात फोन आला. फाइल बंद करायची होती, सगळं ठीक ना म्हणून विचारत होत्या.

"ठीक आहे," मी म्हटलं. "फक्त राण्यांना अजून कळवायचंय."

"राणेभाईंना? त्यांना मी केव्हाच कळवलं. दुरुस्ती झाली त्याच आठवड्यात. फार हसले. म्हणाले, इंगळ्याला सांगू नका."

मी कोणालाच काही सांगितलं नाही. ज्या धंद्यात माझं काम फक्त टाइप करण्याचं होतं, त्यात उगाच तोंड घालायचं कारण नव्हतं.

मागच्या रविवारी आकडे सांगून झाल्यावर राणे जरा घुटमळले. मग म्हणाले, "इंगळ्या, हयसर घराक नवीन न्हाणी बांधतंय. लादी आणून ठेवलीहा."

"मग लाव की. गुडघे दुखतात तर गावातला कोणी बघ."

"लादी मीच लावतलंय, बसान बसान. पण खाली तुझो कोबो पडल्याशिवाय एक लादी लावचंय नाय."

स्पीकर चालू असतानाच इंगळ्यांनी फोन उचलून कानाला लावला. "कोबा केला तर वर आठवडाभर पाणी भरून ठेवायला लागेल. गळतं का बघायला. तोपर्यंत मी काय करू तिथे?"

"काय करतलंस? माझ्यासमोर बसायचा. तीन वर्सांचा बोलणा थकलाहा."

इंगळ्यांनी फोन ठेवला नाही. तो कानाला तसाच धरून ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात गेले. गेली कित्येक वर्षं ते साइटवर फक्त उभे राहून माणसांकडून काम करून घेतात.

"अगं," त्यांनी वहिनींना विचारलं, "माझी थापी कुठे ठेवलीयस?"