गार्नेटबाईंच्या बैठकीतला वास

केंडल गावात माझ्या नाकाइतकं शिकलेलं नाक दुसरं नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. लोक ते मानतही. गिऱ्हाईक दुकानात शिरून टोपी काढायच्या आत मी सांगायचो, की हा कुठली तंबाखू ओढतो, काल पावसात भिजला होता का, आणि याच्या घरी मांजर आहे का. मांजराचं कधीकधी चुकायचं.

'एरी आणि मंडळी' हे आमचं तंबाखूचं दुकान आजोबांपासूनचं. सध्या मंडळी म्हणजे मी एकटाच. आमच्या भागात तंबाखूला अत्तर लावायची खोड फार जुनी आहे. गुलाब काय, बदाम काय, वाटेल ते लावतात. डबा उघडला की एखाद्या आत्याबाईनं तोंडावर रुमाल झटकल्यासारखं होतं. मी ते विकतो, पोट आहे. पण स्वतः ओढतो ती साधी व्हर्जिनिया फ्लेक. तिच्यात अत्तर नाही, पाक नाही, दारू नाही. पानं दाबून दाबून त्यांची वीट करायची आणि त्या विटेच्या पातळ पट्ट्या कापायच्या, एवढंच. त्यातली एक पट्टी घ्यावी, दुमडावी, तळहातावर हलकेच चोळावी आणि पाईपात बसवावी. घाई केली तर जीभ भाजते. घरात कुणी आजारी झोपलंय अशा बेतानं ओढली, तर आधी वाळलेल्या गवताचा वास येतो, मग भाजक्या पावाच्या कडेचा, आणि निम्म्यावर आलं की असा काही गोडवा उतरतो की माणूस मेहुण्यालाही माफ करून टाकेल. विझली तर विझू द्यावी. परत पेटवावी. जगात कुठलीच गोष्ट इतकी समजूतदार नाही.

त्या वर्षी डॉक्टरांनी माझी छाती ठोकून पाहिली आणि दिवसाला एकच पाईप ओढायचा असं सांगितलं. मला सांगितलं ते ठीक होतं. पण त्यांनी ते हिल्डासमोर सांगितलं. हिल्डा माझी बायको. ती आरडाओरडा करत नाही, ती मोजते. दुपारी जेवणानंतरचा एक पाईप ती मला औषधासारखा हातात द्यायची आणि मग दिवसभर नुसती बघायची.

अशात एका सकाळी गार्नेटबाई दुकानात आल्या.

विनिफ्रेड गार्नेट म्हणजे आमच्या शाळेच्या बाई. अर्धं केंडल त्यांच्या हाताखालून गेलेलं. तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या आणि मी त्रेपन्नाचा, पण त्या आत आल्या तसा मी काउंटरमागे उठून उभा राहिलो. खरं म्हणजे मी आधीपासून उभाच होतो. तरीसुद्धा उठल्यासारखं काहीतरी केलंच.

बाईंचं काम वेगळंच होतं. त्यांनी घर विकलं होतं. पंधरा दिवसांत किल्ल्या द्यायच्या आणि समुद्राकाठी ग्रेंजला भाचीकडे राहायला जायचं. त्याआधी त्यांना एकदा, फक्त एकदा, त्यांच्या बैठकीच्या खोलीत वडिलांचा वास यायला हवा होता. वडील जोनास गार्नेट पाटीच्या दगडाच्या खाणीत मुकादम होते. बाई नऊ वर्षांच्या असताना ते वारले.

"चेहऱ्याचा फोटो आहे माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "वासाचा कुणी काढून ठेवला नाही. ते कुठली तंबाखू ओढायचे, ते तू शोधून दे."

मी हसलोच. म्हटलं, बाई, यात शोधायचं काय? खाणीतली सगळी माणसं माझ्या आजोबांकडून एकच तंबाखू नेत होती, साधी व्हर्जिनिया फ्लेक. तुमचं काम झालं म्हणून समजा. डबा उघडून त्यांच्या पुढ्यात धरला. बाईंनी वास घेतला आणि वहीत लाल रेघ मारताना करायच्या तसा चेहरा केला.

"हे गवत आहे, एडविन."

मी समजावलं, की पेटवल्याशिवाय वास खुलत नाही. मग पाईप भरला आणि त्यांच्यादेखत पेटवला. त्यांचं उत्तर तेच, जवळ आहे पण हे नव्हे. मग मी एकेक करून दुकानातली सारी अत्तरं काढली. गुलाबवाल्या डब्यावर त्या म्हणाल्या, हा माझ्या मावशीच्या कपाटाचा खण. बदामवाल्यावर त्यांनी नुसती खिडकी उघडली.

हा माझ्या नाकाचा अपमान होता. मी हट्टाला पेटलो. म्हटलं, बाई, तंबाखू हीच आहे, फरक जागेचा असणार. दुकानाचा वास वेगळा, घराचा वेगळा. मी तुमच्या बैठकीत येऊन, तुमच्या वडिलांच्या खुर्चीत बसून ओढतो. मग बघा.

बोलून गेल्यावर मला हिल्डा आठवली.

घरी सांगितलं, की बाईंची पुस्तकं खोक्यांत भरायला मदत करायची आहे. हिल्डा म्हणाली, बरं. तिचं 'बरं' पोस्टाच्या शिक्क्यासारखं असतं, त्यावर तारीख आणि वेळ दोन्ही उमटतात.

मंगळवारी दुकान बंद करून गेलो. डोंगराच्या पायथ्याला बाईंचं घर, पुढे कुंपणाची झुडपं, आत बैठकीत शेकोटीपाशी दांडे गुळगुळीत झालेली एक खुर्ची. बाईंनी मला तिच्यात बसवलं, स्वतः समोर स्टुलावर बसल्या आणि डोळे मिटले. मी ओढू लागलो. खरं सांगायचं तर इतकं सुख मला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं. चोरलेला पाईप, शांत घर, बाहेर मेंढ्यांची बें बें. आणि समोर आपल्या शाळेच्या बाई, ज्यांनी कधीकाळी मला खिशात खेळायची गोळी सापडली म्हणून कोपऱ्यात उभं केलं होतं, त्या मला ओढ म्हणत होत्या.

"नाही," बाई म्हणाल्या.

गुरुवारी आमच्याकडे दुकानं अर्धा दिवसच उघडी असतात, त्यामुळे पुढचा प्रयोग दुपारी झाला. या खेपेला खिडक्या लावून दगडी कोळशाची शेकोटी पेटवली. बाई म्हणाल्या, अजून थोडं जवळ आलं, पण काहीतरी राहिलंय. विचार करकरून त्यांना आठवलं, की वडिलांचा एक कुत्रा होता, आणि तो नेहमी भिजलेलाच असायचा.

मग पुढच्या मंगळवारी मी दूधवाल्या क्लिफर्डकडे त्याचा कुत्रा मागितला. मॉस नावाचा तो मेंढ्यांवरचा कुत्रा गुणी होता. क्लिफर्डनं कारण विचारलं. मी म्हटलं, बाईंकडे न्यायचाय. त्यानं आणखी विचारलं, की तिथं काय करायचंय? मी म्हटलं, भिजवायचाय. याहून जास्त मी सांगितलं नाही, आणि तिथंच चुकलं. माणसाला अर्धी हकिगत दिली की उरलेली अर्धी तो स्वतः तयार करतो.

मॉसला आम्ही अंगणात बादलीभर पाण्यानं आंघोळ घातली आणि आत आणलं. त्यानं शेकोटीसमोर उभं राहून अंग झटकलं. माझा पाईप विझला, बाईंचा चष्मा भिजला आणि भिंतीवरच्या जोनास गार्नेटांच्या फोटोवरून पाणी ओघळलं. चष्मा पुसत बाई शांतपणे म्हणाल्या, हा वास फक्त कुत्र्याचा आहे.

कुत्रा न्यायला क्लिफर्ड आला, तेव्हा त्यानं दारातून नाही, खिडकीतून पाहिलं. त्याला दिसलं ते असं. एडविन एरी कोट काढून, मोजे शेकोटीपुढे वाळत घालून, आरामखुर्चीत पाय पसरून बसलाय, आणि गार्नेटबाई डोळे मिटून, मान पुढे काढून त्याचा वास घेताहेत.

क्लिफर्डचा दुधाचा रतीब साठ घरांत होता. बुधवारी सकाळी साठाव्या, म्हणजे आमच्या घरी पोचेपर्यंत त्या हकिगतीला चांगलं बाळसं आलं होतं. हिल्डानं दुधाची बाटली घेतली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी गुरुवारी दुपारी बाईंकडे गेलो. ही शेवटची संधी होती, शनिवारी किल्ल्या जाणार होत्या. बैठकीत आता खुर्ची, स्टूल, पेटवलेली शेकोटी आणि बाजूला चहाची किटली एवढंच उरलं होतं. भिंतीवर फोटोच्या जागी चौकोनी डाग होता. माझं नाक, माझी प्रतिष्ठा वगैरे सगळं मी तेव्हा विसरलो. नऊ वर्षांची पोर शहात्तर वर्षांची होऊन समोर बसली होती, आणि तिला द्यायला माझ्याकडे साधी तंबाखू होती, बस्स. मी सगळ्यांत जुना डबा आणला होता. पट्टी नीट दुमडली, भरली, पेटवली आणि आयुष्यात ओढला नसेल इतक्या सावकाश तो पाईप ओढू लागलो.

बाई बराच वेळ डोळे मिटून होत्या. मग त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली.

"राहू दे, एडविन. तुझी चूक नाही. माझंच चुकत असेल."

एवढ्यात फाटकाची कडी वाजली. मी मान वळवली, तर कुंपणावरून एक निळी टोपी सरकत येत होती. ती टोपी मीच हिल्डाला वाढदिवसाला दिलेली.

त्या क्षणी मी काही विचार केला असं म्हणता येणार नाही. विचार हाताला असतो तेवढाच झाला. पेटता पाईप माझ्या तोंडातून निघाला आणि कोटाच्या उजव्या खिशात गेला.

हिल्डा आत आली. बाईंना नमस्कार केला आणि म्हणाली, पुस्तकं भरून झाली का बघायला आले. बाईंनी रिकाम्या खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पण त्या जातिवंत मास्तरीण, वर्गातली भानगड त्यांनी कधी बाहेर जाऊ दिली नाही. म्हणाल्या, झालीच आहेत, बस, चहा टाकते. हिल्डा म्हणाली, चहा नको. ती खिडकीपाशी उभी राहिली आणि हवापाण्याबद्दल बोलू लागली. मीही बोलू लागलो. यंदा गवत चांगलं आलंय, असं मी दोनदा म्हणालो. उजव्या मांडीला ऊब लागत होती. आधी बरी वाटली. मग फार वाटू लागली. कोट नव्या लोकरीचा होता, जाड, अस्सल मेंढीचा.

खिशातून धुराची एक बारीक निळी रेघ निघाली. मी त्यावर हात ठेवला. रेघ बोटांमधून निघाली.

"एडविन," हिल्डा म्हणाली, "तू जळतोयस."

मी उठणार इतक्यात बाई ताठ बसल्या. त्यांचं नाक वर झालं होतं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले होते.

"हलू नकोस."

"बाई, खिसा..."

"मी काय सांगितलं?"

चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा तो आवाज. मी बसलो. हिल्डासुद्धा जागीच थांबली, तीही त्याच शाळेतली. जळकी लोकर, साधी फ्लेक आणि कोळशाची शेकोटी, तिन्हींचा मिळून एक वास त्या उघड्याबोडक्या खोलीत भरत गेला. बाई तो घेत राहिल्या. त्यांच्या गालावरून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मी किती वेळ जळलो ते सांगता येत नाही. हिल्डा म्हणते अर्धं मिनिट. माझ्या मांडीचं मत वेगळं आहे.

शेवटी बाई म्हणाल्या, "हेच. हेच माझे बाबा. आता विझव त्याला." हिल्डानं शेकोटीशेजारची किटली घेऊन माझ्या खिशात ओतली. ती गरम नव्हती हे नशीब माझं. तिनं आधी बघितलं नव्हतं.

मग सगळा उलगडा झाला. बाईंची आई चर्चला जाणारी कडक बाई, घरात पाईपाला सक्त बंदी. ती प्रार्थनेला गेली की वडील खुर्चीत बसून ओढायचे, मुलीला मांडीवर घ्यायचे आणि फाटक वाजलं की एकदम उठून तिला बाहेर फिरायला न्यायचे. का उठतात ते त्या वयात कळत नव्हतं.

"आणि आई नेहमी म्हणायची," बाई हळूच म्हणाल्या, "आपल्या घरातली ही लोकर खाणारी कसर मोठी विचित्र आहे, यांच्या उजव्या खिशाशिवाय काही खातच नाही. दर महिन्याला खिसा रफू करत बसायची. तिला बिचारीला शेवटपर्यंत कळलं नाही."

हिल्डा माझ्या खिशातून पाणी पिळत होती. ती म्हणाली, "तंबाखू असते तिथं कसर फिरकत नाही, बाई. तुमच्या आईला पहिल्या महिन्यातच कळलं होतं."

बाई आधी खुर्चीकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू आलं, आणि ते बराच वेळ थांबेना.

परत येताना मी हिल्डाला सगळं खरं सांगितलं. क्लिफर्डनं पसरवलेल्या हकिगतीबद्दल मला तेव्हाच कळलं, आणि मी म्हटलं, तुला माझ्याबद्दल भलताच संशय आला असेल. ती चालता चालता थांबली. म्हणाली, छे, तसलं तुझ्याच्यानं काय होणार? मला फक्त पाईप किती झाले ते मोजायचं होतं. मला उगीचच थोडं वाईट वाटलं.

शुक्रवारी तिनं कोटाचा तो जळका खिसा कात्रीनं कापला, चहाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात घातला, माझ्या जुन्या फ्लेकच्या दोन पट्ट्या त्याला गुंडाळल्या आणि स्वतः जाऊन बाईंना देऊन आली. ग्रेंजहून बाईंचं पत्र आलं, की डबा उघडला की बाबा येतात, भाचीला मात्र काहीतरी करपल्यासारखं वाटतं.

कोट मी अजून वापरतो. उजवा खिसा नाहीच. डावा होता, तो हिल्डानं शिवून बंद केला. म्हणाली, बाईंना एक पुरे आहे.