रिन्स्के महाग झाली

वेब्रनसमोर केक कापायचा आणि त्याला एक तुकडासुद्धा द्यायचा नाही! रिन्स्केचा बेत पक्का होता.

वाढदिवस ज्याचा, केक त्यानंच कामावर न्यायचा. कामावरून काढलं म्हणून ती रीत मोडायची नव्हती. तीन वर्षं ती स्नेक गावातल्या वेब्रनच्या सुपरमार्केटात फळ्यांवर माल लावत होती. आज अठरा पूर्ण. अठरा झाली की कायद्यानं पगार वाढतो, म्हणून कालच वेब्रननं तिला नारळ दिला.

"मनाला लावून घेऊ नकोस गं. आपण एक कुटुंब आहोत!" असं वर म्हणाला.

*छतातला भोंगा, वेब्रनच्याच आवाजात: ग्राहकहो! आमच्याकडे भाजी ताजी, मासळी ताजी, माणसंसुद्धा ताजी!*

कुटुंब म्हणे! सतराव्या वर्षी लेक, अठराव्या वर्षी खर्च! दुधाच्या बाटलीवर तरी तारीख छापतात!

दात-ओठ खात, केक घेऊन ती दुकानामागच्या गोदामात शिरली. आणि थबकली.

पुठ्ठे दाबायच्या यंत्राच्या दारात वेब्रनचा टाय अडकला होता. नाक जाळीवर चेपलेलं. दावणीची गाय यापेक्षा मोकळी असते! शेजारी दुकानात कामाला असलेली पंधरा वर्षांची मेरेल, हाताची घडी घालून.

"हिरवं बटण दाब, मेरेल! माझा हात पोचत नाही!"

"फलक वाचा ना. अठराखालच्यांनी यंत्राला हात लावू नये. सही तुमचीच आहे."

"मग टाय काप!"

"चाकूही नाही. खालची ओळ."

"अगं, अठरा झालेलं कुणीच नाही का या दुकानात?"

"आज झाली असती एक. काल तुम्हीच काढलीत." मेरेलनं मान वळवली. "अय्या, रिन्स्के! अभिनंदन!"

"अभिनंदन," जाळीतून वेब्रनही म्हणाला. "रिन्स्के, राणी, बटण..."

राणी! रिन्स्के अशी थरथरली की केकवरची मलई घसरली.

"मी महाग आहे, वेब्रन! परवडेन का तुला?"

"परवडशील!"

"पगार?"

"अठराचा!"

"करार?"

"कायमचा! आईशपथ! दाब आता!"

"मेरेल, ऐकलंस?"

"शब्दन् शब्द."

*भोंगा: माणसंसुद्धा ताजी!*

रिन्स्केनं बटण दाबलं. दार वर गेलं, वेब्रन खाली बसला. त्याला दरदरून घाम फुटला होता. रिन्स्केला, नको तेव्हा, दया आली. तिनं त्याला केक दिला. त्यानं दोन तुकडे खाल्ले, दोन्ही मलईचे.

पुढच्या शनिवारी ती एप्रनला इस्त्री करून हजर! मेरेल तिच्या नजरेला नजर देईना.

"रिन्स्के, आत जाऊ नकोस ना..."

ती गेलीच. यंत्र घरघरत होतं. वेब्रन स्वतः शीळ घालत पुठ्ठे दाबत होता. टाय नव्हता. गळ्यात फुलपाखराएवढा बो होता.

"आलीस? करार कशाचा गं? बघ, आता काही अडकतच नाही!" तो हसला. "केक मात्र झकास होता हं!"