उसनं नाक

दर रविवारी सकाळी हमीदभाई आमच्या कुंपणापाशी येतात आणि हाक मारतात, "वहिनी, जरा नाक घेऊन या."

शेजारी साखर मागतात, फार तर शिडी मागतात. आमचे शेजारी नाक मागतात. इंदापुरात माझं मसाला कांडपाचं दुकान आहे. मिरची आणि धने कांडण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे माझ्या नाकाला गावात थोडाफार मान आहे. पण ते नाक कधी कासवाच्या पेटीत घालावं लागेल, असं मला वाटलं नव्हतं.

हमीदभाईंकडे कासव आहे. कानामागे लाल पट्टा असलेलं, काचेच्या पेटीत पाळतात तसलं. त्यांची मुलगी नसरीन शाळेत असताना हट्टानं घ्यायला लावलेलं. तेव्हा ते बिस्किटाएवढं होतं, आता ताटलीएवढं झालंय. त्याचं नाव मामलेदार, कारण ते दिवसभर दिव्याखाली बसून असतं आणि कुणी जवळ आलं की मान आत घेतं. त्यांची बायको, आमची भाभी, जाऊन बरीच वर्षं झाली. नसरीन लग्न होऊन बारामतीला गेली. मामलेदार मात्र इथंच राहिले.

हमीदभाईंचा धंदा विहिरीवरच्या मोटारी भरायचा, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचा. जळालेली मोटार आली की पूर्वी ते ती खोलायच्या आधीच हुंगायचे आणि बिघाड सांगायचे. त्या नाकाचा त्यांना भारी तोरा होता. करोनाच्या तापात त्यांचा वास गेला. ताप उतरला, पण वास काही परत आला नाही. धंद्याच्या अब्रूचा प्रश्न म्हणून त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. मला सांगावं लागलं ते मामलेदारामुळे. एकदा पेटी धुताना ब्लीचिंग पावडर पुरती निघाली नाही, हमीदभाईंना ते कळलं नाही, आणि मामलेदाराचे डोळे सुजले. कासव टबात घेऊन ते माझ्या दारात उभे.

"वहिनी, ह्याला कसला वास येतोय का?"

"अहो, साऱ्या गल्लीला येतोय!"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला पुढं हसताही येईना. डॉक्टरांच्या औषधानं डोळे बरे झाले, पण तेव्हापासून माझं नाक कायमचं कामाला लागलं.

पेटी धुणं हा त्यांच्याकडे एक सोहळाच असतो. "आदी वायर, मंग पानी," असं म्हणत ते दिव्याचं आणि हीटरचं बटण बंद करतात, पिना काढतात. मामलेदार वेगळ्या टबात. घाण पाणी मोरीत नाही, स्वयंपाकघरात तर नाहीच. ते अंगणातल्या जास्वंदीला. पेटीची बादली, घासणी, दगड उकळायचं पातेलं, सगळ्यांना मोटारीची लाल टेप गुंडाळलेली. लाल टेपची वस्तू घरात दुसऱ्या कामाला वापरली की हमीदभाई आवाज चढवतात. पावडरीचं पाणी लावून थोडा वेळ थांबायचं, मग धू धू धुवायचं, मग उन्हात वाळवायचं. मग मी. मी पेटीत डोकं घालून "गेला" म्हटलं, की आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी आत जातं. शेवटी ते कोपरापर्यंत साबणानं हात धुतात, एखाद्या सर्जननं धुवावेत तसे.

एकदा मी दुकानातून तशीच आले, तर काठाला हात लावण्याआधीच ओरडले, "हात दाखवा! मिरची हाय त्याला. माज्या मामलेदाराचे डोळे म्हंजे काय लोनचं हाय का?" नाक माझं, वेळ माझा, आणि वर बोलणीही मलाच. मी मुकाट्यानं हात धुऊन आले.

यंदा नसरीनला मुलगी झाली. आजोबांनी नातीला नुसतं फोनवर पाहिलेलं. तिला घरी आणायचं ठरलं आणि नसरीननं फोनवर सांगून टाकलं, "अब्बा, घरात कासव हाय तवर बाळाला आननार न्हाय. डॉक्टर म्हनाले, कासवाच्या अंगावर जंतू असत्यात. त्याला काय होत न्हाय, पन तान्ह्या लेकराला होतं."

हमीदभाईंना हा आपल्या घासणीचा अपमान वाटला. "माज्या पेटीत जंतू?" मग काय विचारता! रविवारची धुलाई एक दिवसाआड सुरू झाली. मला चहा सोडून पळावं लागे. शेवटी त्यांनी लखलखीत पेटी फोनवर नसरीनला दाखवली. ती म्हणाली, "अब्बा, पेटी झ्याक हाय. पन जंतू दिसत न्हाईत आनि त्यांचा वास बी येत न्हाय."

हमीदभाईंनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी आले ते नाक मागायला नाही. "वहिनी, मामलेदाराची बदली करायची हाय. तुमची मागली खोली मिळंल का?"

आमच्या घरात लहान मूल नाही. मी हो म्हटलं. पेटी, दिवा, लाल टेपचा सगळा संसार आमच्याकडे आला. त्यांनी स्वतःचं घर जमिनीपासून मोरीपर्यंत धुऊन काढलं आणि प्रत्येक खोली माझ्या नाकाकडून पास करून घेतली. मग नसरीन आली, दोन दिवस राहिली. दोन्ही दिवस हमीदभाई मामलेदाराला खाऊ घालायला आमच्याकडे येत, परत जाताना आमच्याच नळावर कोपरापर्यंत हात धूत, घरी जाऊन कपडे बदलत, पुन्हा हात धूत आणि मगच नातीला उचलून घेत. तेवढ्यात ती बहुतेक वेळा झोपून गेलेली असे. मला त्यांची फार दया आली, पण ते स्वतः खुशीत होते.

ती गेली त्याच संध्याकाळी ते मामलेदाराला न्यायला आले. टब आणला होता, पण कासवाकडे न जाता माझ्यासमोर उभे राहिले. हातात एवढंसं झबलं होतं.

"खाटंमागं पडलं व्हतं, धुवायचं ऱ्हाऊन गेलं. वहिनी, जरा नाक द्या."

मी हुंगलं. "दुधाचा येतोय," मी म्हटलं. "जरासा आंबूस."

"आंबूस म्हंजे? दह्यावानी?"

"न्हाई. दूध ओठावर वाळल्यावर येतो, तसा. आनि टाळूला लावलेल्या तेलाचा."

"खोबऱ्याच्या?"

"व्हय."

ते मान हलवत राहिले. "नसरीनचा बी असाच यायचा," म्हणाले.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "द्या इकडं, धुऊन ठेवते. परत आली की घालता येईल."

सगळं जग धुऊन काढणाऱ्या त्या माणसानं हात चटकन मागं घेतला. "नगं. मला येत न्हाय वास, पन त्यात हाय न्हवं?"

त्यांनी झबल्याची घडी केली आणि खिशात ठेवली. मग टबाकडे वळले, थांबले, खिशातून झबलं पुन्हा काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"जरा वेळ तुमीच धरा. आता कासवाला हात लावायचा हाय."

मामलेदाराला घरी सोडून, कोपरापर्यंत हात धुऊन ते परत आले, आणि मग झबलं घेऊन गेले.