मेस्त्रींच्या केकवरची साखर

हर्मिनिओच्या हातून आजवर घासायच्या यंत्राचं व्हील फुटलं नव्हतं, बोट गेलं नव्हतं की डोळ्यात कण शिरला नव्हता. पोर्तुगालच्या मारिन्या ग्रांद गावातल्या झाडून सगळ्या साचे बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, कारण हर्मिनिओ ते सांगायचा थांबतच नसे. कॉफी पिताना सांगे, लग्नात सांगे, एकदा तर मयताला गेला होता तिथंही सांगून आला. त्याच्या ग्राइंडिंगच्या खोलीत चष्म्याशिवाय पाऊल टाकणाऱ्याची तो अशी हजेरी घेई, की तो बिचारा घरी जेवतानाही चष्मा काढायला धजू नये!

तर बेल्मिरो मेस्त्री निवृत्त होणार होते. हर्मिनिओला पोलाद घासून सपाट करणाऱ्या यंत्रावर, म्हणजे सरफेस ग्राइंडरवर पहिल्यांदा उभं केलं ते त्यांनीच. त्यांना भेट म्हणून डॉमिनोच्या सोंगट्या उभ्या करायची पोलादी पट्टी द्यायचं त्यानं ठरवलं. पट्टीला लांबलचक खाच. खाचेची एक बाजू कललेली, म्हणजे सोंगट्या आरामात मागं रेलतील, आणि तळ गोल. बोट फिरवलं तर लोण्यातून फिरल्यासारखं वाटेल, असं त्यानं आठवडाभर आधीच जाहीर करून टाकलं.

निरोपाच्या दिवशी दुपारी नेमकी ती खाचच उरली होती. खाचेला जो आकार हवा, तो आधी व्हीलच्या कडेला द्यावा लागतो, आणि फिरत्या व्हीलला आकार देतो तो हिरा. हर्मिनिओनं सगळं शिस्तीत केलं. हिरा बसवलेलं उपकरण चुंबकी टेबलावर ठेवलं, चुंबक चालू केला, उपकरण हातानं ढकलून हलत नाही ना ते पाहिलं. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, कानांवर झाकणं. व्हीलच्या समोर न राहता बाजूला उभा राहिला. मग धूळ ओढायच्या यंत्राचा पाइप घ्यायला हात मागं नेला, तर हाताला नुसती हवा लागली.

यंत्र त्याच्या घरी होतं. गाडीतले कुत्र्याचे केस काढायला रविवारी त्यानंच नेलं होतं.

एवढ्याशा कोनाला आणि गोलाईला धूळ ती किती उडणार, असं त्यानं स्वतःला समजावलं. दुसरा कुणी असं बोलला असता, तर त्यानं त्याला कॉलर धरून बाहेर काढलं असतं.

आधी त्यानं हिरा तिरका सरकवत कोन काढला. मग दांडीला लावलेला हिरा इकडून तिकडं झुलवत गोलाई घेतली. दर खेपेला केसाएवढंच खाली उतरायचं, घाई नाही, जोर नाही. पांढरी धूळ उठत होती आणि थंड हवेच्या झोतावर स्वार होऊन मागं जात होती. हर्मिनिओला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. गोलाई अशी उतरत होती की त्याचा त्यालाच हेवा वाटावा.

उन्हाळ्यात सगळ्या कारखान्यात थंड अशी ही एकच खोली. म्हणून मेस्त्रींच्या बायकोनं, ग्रासिएतवहिनींनी, नुकताच भाजलेला केक आणून मागच्या ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवला होता. वाफ धरू नये म्हणून वरचं फडकंही काढलं होतं. त्यांच्या मागोमाग सून लिडिया बशा ठेवून गेली. पाठमोऱ्या, कान झाकलेल्या हर्मिनिओला यातलं काहीच कळलं नाही. त्यानं खाच काढली, पट्टी पुसली, डब्यात घातली आणि हात धुऊन आला.

तोवर सगळे खोलीत जमले होते. केकवर छान पांढरीशुभ्र भुरभुर पडली होती.

"लिडिया, ही साखर कुणी घातली?" वहिनींनी विचारलं. मेस्त्रींना मधुमेह. केक त्यांनी मुद्दाम बिनसाखरेचा केला होता.

"मला काय माहीत? मी फक्त बशा ठेवल्या, आई."

"केक बोडका दिसतो, असं सकाळी तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले. म्हणून काय मी बाबांच्या जिवावर उठेन?"

हर्मिनिओनं सहज टेबलावर हात टेकला. बोटांखाली कचकच लागलं, आणि ही साखर कुठून आली ते त्याला कळलं. पुढं आयुष्यभर त्याला लाज वाटत राहिली ती याच क्षणाची, कारण त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, आपल्यावर कुणाचा संशय नाही.

त्यानं बोटं हळूच पँटला पुसली. इकडं भांडण साखरेवरून नाताळच्या खारवलेल्या माशावर गेलं, तिथून लग्नातल्या टेबलक्लॉथवर. लिडियाच्या डोळ्यांत पाणी आलं. हर्मिनिओ पुटपुटला, की द्या तो केक, मी वरचं झटकून आणतो. वहिनींनी त्याला नुसत्या नजरेनंच मागं सारलं.

मेस्त्रींनी मात्र वेगळाच हिशेब केला होता. पाप दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर पडलंच आहे, तर आपण उपाशी का राहावं? कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी चांगला जाडजूड तुकडा कापला आणि डोळे मिटून तोंडाशी नेला.

हर्मिनिओनं झेप घेऊन त्यांच्या हातावर फटका मारला. तुकडा भिंतीवर जाऊन बसला.

"मेस्त्री, ती साखर नाही," तो म्हणाला. "माझ्या व्हीलची धूळ आहे."

"धूळ ओढायचं यंत्र कुठंय?" मेस्त्रींनी विचारलं.

"घरी. कुत्र्याचे केस काढायला नेलं होतं."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. वहिनींनी लिडियाकडं पाहिलं आणि आपला रुमाल तिच्या हातात कोंबला. लिडियानं तो घेतला. हर्मिनिओचे कान पोळल्यासारखे लाल झाले होते.

मेस्त्रींनी बोटांवरचे कण शांतपणे पुसले.

"सोमवारी नव्या लोकांचा सुरक्षिततेचा वर्ग आहे. त्याला बस."

हर्मिनिओची मान आणखी खाली गेली. "मेस्त्री, तो वर्ग मीच घेतो."

"ठाऊक आहे," मेस्त्री म्हणाले. "या खेपेला जरा लक्ष देऊन ऐक."