हरणांची शांतता

ऑस्ट्रियाच्या टिरोलमधल्या आमच्या खोऱ्यात शिकाऱ्यांची वार्षिक बैठक माझ्या खानावळीत भरते. गावात दुसरी खानावळ नाही, आणि हरणाच्या मांसाचा रस्सा खावा तर माझ्याच हातचा, हे माझे शत्रूही मान्य करतात. या वर्षी बैठकीपुढे एकच विषय होता: जंगलाचं आरोग्य. जंगल आजारी आहे, यावर सर्वांचं एकमत झालं. पुढे जे उपचार झाले ते सांगते.

दुखणं साधं होतं. खानावळीच्या डोक्यावर उभा उतार आहे. वादळात त्यावरची झाडं काड्यांसारखी आडवी झाली, आणि गेल्या हिवाळ्यात तिथून बर्फ घसरत आला तो माझा शेळ्यांचा गोठा घेऊन गेला. शेळ्या तेव्हा पलीकडे पाणी पीत होत्या, म्हणून वाचल्या. बर्फ अडवायला झाडंच लागतात, म्हणून मी गुडघ्यांवर रांगत साऱ्या उतारावर फरच्या झाडांची रोपं लावली. हरणांनी ती खाल्ली. पुन्हा लावली. ती जास्त आवडीने खाल्ली. हिवाळा पुन्हा येणार होता, आणि गोठ्यानंतर वाटेत आता माझं घरच होतं.

म्हणून रस्सा वाढता वाढता मी म्हटलं, "हरणं फार झालीत. मारा."

सगळे चमचे जागच्या जागी थांबले. जणू मी चर्चमध्ये शिवी दिली होती.

शिकारप्रमुख व्हिन्सेन्झ हा माझा धाकटा दीर. टोपीत डोंगरी बकऱ्याच्या केसांचा झुपका आहे, टोपीखाली विशेष काही नाही. तो म्हणाला, "वहिनी, मारा असं म्हणत नाहीत. संख्येचं नियमन म्हणतात."

"मग नियमन कर. रक्त न सांडता होत असेल तर चांगलंच."

"आई, रक्त म्हणू नकोस," माझा थोरला, ब्लासिउस, कानाशी कुजबुजला. "घाम म्हणतात."

शिकाऱ्यांची भाषा वेगळी आहे. त्यांच्या हरणाला रक्त नसतं, घाम असतो. डोळे नसतात, दिवे असतात. चुकीचा शब्द काढला की साऱ्या टेबलाला दारू पाजायची, असा दंड आहे. तेव्हा माझ्याच घरात, माझीच दारू, मीच ओतली. त्यांनी ती डाव्या हाताने प्यायली. उजवा हात बंदुकीसाठी मोकळा ठेवायची रीत आहे. तो वर्षभर मोकळाच होता.

कारण सांगते. दर वसंतात मारलेल्या प्रत्येक नराची शिंगं पाटीवर ठोकून माझ्या मोठ्या खोलीत टांगतात आणि समिती त्यांची तपासणी करते. म्हातारा, वाया गेलेला नर मारला असेल तर पाटीवर हिरवा ठिपका. होतकरू तरुण नर मारला तर लाल. लाल ठिपकावाल्याला पुढचं वर्षभर कोणी नमस्कार करत नाही. ब्लासिउसला गेल्या साली लाल मिळाला, तर सूनबाई माहेरी जाऊन राहिली. तेव्हापासून आमचे शिकारी मचाणावर बसून दुर्बिणीतून हरणाचं वय ठरवतात. ते ठरेपर्यंत हरीण घरी जातं.

"मग माद्या मारा," मी म्हटलं. "त्यांना शिंगं नाहीत, ठिपक्याची भानगड नाही."

यावर दातांचे डॉक्टर एगनबर्गर हसले. ते शहरात राहतात, आणि आमच्या जंगलातला शिकारीचा हक्क त्यांनी भाड्याने घेतलाय. "मादी मारून भिंतीवर लावू काय? कान?"

"डॉक्टरसाहेब, कान नव्हे, ऐकणारे," व्हिन्सेन्झने आठवण करून दिली. डॉक्टरांनी दंड भरला. पिऊन झाल्यावर त्यांना विज्ञान सुचलं.

"मुळात हरीण झाड का खातं? ताणामुळे. गोळीचा आवाज झाला की ते भेदरतं, जंगलात दडून बसतं, आणि तिथे दुसरं काही नाही म्हणून रोपं खातं. म्हणजे रोपं कोण खातं? बंदूक. आपण गोळी झाडली नाही, तर हरीण निवांतपणे मोकळ्या कुरणात गवत खाईल."

"आणि माझी रोपं तोंडी लावायला?"

"आई, ते डॉक्टर आहेत," ब्लासिउस म्हणाला.

"दातांचे आहेत. खाणाऱ्याचीच बाजू घेणार."

ठराव एकमताने संमत झाला. माझं मत धरलं नाही, कारण मी वाढत होते आणि बसलेल्यांचीच मतं मोजतात. जंगलाच्या आरोग्यासाठी उतारावर शिकार बंद. हरणांची शांतता भंगू नये म्हणून अळंबी वेचायला जाणंही बंद. माझ्या गाईंच्या गळ्यातल्या घंटांमध्ये चिंध्या कोंबण्यात याव्यात, असं पोटकलमही घातलं. आणि रोपांवरून हरणांचं लक्ष उडावं म्हणून त्यांना रोज सुकं गवत, बीट आणि सफरचंदाचा चोथा घालायचा.

शेजारच्या खोऱ्यातली हरणंही आली. मी जन्मभर खानावळ चालवली आहे. चांगलं जेवण कुठे मिळतं ही बातमी कशी पसरते, ते मला माहीत आहे. चोथा खाऊन तोंड गोड झालं की ती हिरवं चघळायला उतारावर जात.

शेवटी वनखात्याच्या श्टाउडाखर बाई पाहणीला आल्या. त्यांना इंजिनीयरबाई म्हणावं लागतं. आमच्या देशात हुद्द्याशिवाय हाक मारली तर माणूस वळून बघत नाही. नियम असा, की उभ्या असलेल्या रोपांपैकी किती कुरतडलेली आहेत ते मोजायचं. बाई सगळा उतार हिंडून खाली आल्या. चेहरा प्रसन्न.

"अभिनंदन, नोटबुर्गाबाई. कुरतडलेलं रोप एकही नाही. नुकसान शून्य टक्के."

"इंजिनीयरबाई, रोपच एकही नाही."

"ते मोजायचं काम दुसऱ्या खात्याचं."

"मग त्या खात्याला बोलवा."

"ते खातं अजून स्थापन व्हायचंय."

जिल्ह्याने आमच्या जंगलाला 'सर्वांत निरोगी जंगल' असा किताब जाहीर केला. वाजंत्री ठरली, पाद्रीबाबांनी आशीर्वाद देण्याचं कबूल केलं, डॉक्टरांनी चामड्याची नवी तुमान शिवून घेतली. आदल्या दिवशी इंजिनीयरबाई नियमानुसार शेवटची फेरी मारायला गेल्या आणि पांढऱ्याफटक होऊन परतल्या. एका खोडाच्या आडोशाला माझं एक रोप जिवंत होतं. शेंडा कुरतडलेला. एकापैकी एक. नुकसान शंभर टक्के.

व्हिन्सेन्झ टोपी हातात घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं टक्कल पाहिलं. "वहिनी, एवढं एक उपटून टाक."

"गोठा गेला, आता घर जायचंय, आणि तुला माझं रोप बोचतंय?"

"आई, खोऱ्याच्या अब्रूचा प्रश्न आहे," ब्लासिउस म्हणाला.

"तुझी खोली उताराच्या अंगाला आहे, बाळा. अब्रू पांघरून झोप."

मी लाटणं घेऊन वर गेले आणि रोपाशेजारी बसले. साऱ्या समितीला माझं लाटणं ठाऊक आहे. तेव्हा इंजिनीयरबाईंनीच नियम काढला: कुंपणातलं रोप पाहणीत धरत नाहीत. ज्यांना वर्षभर एक मादी मारता आली नाही, त्यांनी दुपारपर्यंत त्या एका रोपाभोवती पुरुषभर उंचीचं कुंपण ठोकलं. उरलेली रोपं शून्य, नुकसान शून्य. किताब बचावला.

दुसऱ्या दिवशी समारंभ थाटात झाला. भाषणाच्या मधोमध उतारावर हरणांचा कळप आला, तशी सगळी गर्दी मोबाइल उंचावून तिकडे वळली. पाद्रीबाबासुद्धा.

आज सकाळी पहिला बर्फ पडला. मी गाई, शेळ्या आणि माझी खाट खोऱ्याच्या पलीकडच्या अंगाला हलवली आहे. एका रोपाने डोंगर धरायचा आहे. मी त्याला तसं सांगून आले.

पाहुणे अजून येतात. हरणं कुठल्या खिडकीतून दिसतात, हे प्रत्येक जण विचारतो. रोप कुठल्या खिडकीतून दिसतं, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा ही गोष्ट वर हरणांचं नाव दिसलं म्हणूनच वाचायला घेतलीत. या एकदा. खिडकीजवळचं टेबल तुमच्यासाठी राखून ठेवते. बर्फ तिथूनच आत येईल.