जगदाळ्यांच्या घराच्या गुदगुल्या

फलटणच्या जगदाळ्यांच्या घराला गुदगुल्या होत, त्यामुळे वरच्या खोलीत नेटची केबल न्यायचं काम रखडलं होतं. केबल तर हवीच होती. केतकीला नोकरी घरून करायची होती, वायफाय जिन्यापर्यंतच पोचत होतं, आणि सोमवारपर्यंत सोय झाली नाही तर ती पुण्याला जाणार होती. तिच्या आईला, पुष्पाताईंना, ते नको होतं. तसं त्या कुणाला बोलल्या नव्हत्या.

वायरमन इकबालने घराचा नकाशा काढला. "राउटर इथं. केबल जिन्याखालून वर. गुदगुल्या कुठं कुठं होतात?"

"जिन्याखाली सगळ्यात जास्त. हॉलमध्ये बेताच्या. स्वयंपाकघराला काही कळतच नाही."

"पण स्वयंपाकघरातून वर जायला वाट नाही, काकू."

म्हणून त्याने जिन्याखाली ड्रिल टेकवलं, आणि घर हसत सुटलं. दारं आपटली, नळ फुरफुरले, ताटं मांडणीवरून उड्या मारत हॉलमध्ये आली. केतकी पोट धरून पायरीवर बसली. इकबाल सावरायला भिंतीला टेकला, तर भिंतीला आणखीच गुदगुल्या झाल्या. थोड्या वेळात शेजारच्या शेंड्यांचं घरही खुदखुदू लागलं. शेंडे कंपाउंडशी आले.

"वहिनी, आमचं घर तसं गंभीर आहे. त्याला सवय नाही."

"माफ करा भाऊजी. केबलचं काम आहे."

"मग इलाज नाही," म्हणून ते आपली कौलं सांभाळायला परत गेले.

पुष्पाताई ताटं गोळा करताना मध्येच थांबल्या. "इकबाल, माणसाला स्वतःच्या हाताने गुदगुल्या होत नाहीत."

"म्हणजे घराला घरानेच भोक पाडायचं," इकबाल म्हणाला. त्याने मागच्या खिडकीचा सैल गज उपसून आणला. "हातोडा मात्र माझा आहे."

"तो गजावर बसेल, भिंतीवर नाही."

इकबालला ते पटलं. मग जरा चाचरत तो म्हणाला, "गज धरणारंही घरातलंच लागेल, काकू. तुम्ही लग्न होऊन आलात. केतकीचा जन्म इथला."

पण केतकीचं हसू थांबत नव्हतं. तिच्या हातात गज ठरेना. पुष्पाताईंनी पदर खोचला आणि गज भिंतीला लावला. इकबालने ठोका मारला. घर गप्प होतं. त्याने दुसरा मारला, जरा जोरात. एक कडीसुद्धा वाजली नाही.

"चला, तुम्ही घरातल्याच," इकबाल म्हणाला.

पुष्पाताईंनी डोळे पुसले आणि सिमेंटची धूळ गेली म्हणाल्या.

सोमवारी केतकी वरच्या खोलीत मीटिंगला बसली. केबलमधून नेट धावू लागलं, तशी भिंतीच्या आतून बारीक खुदखुद सुरू झाली.

"मागे कोण हसतंय?" साहेबांनी विचारलं.

"आमचं घर आहे, सर."

"हरकत नाही. आमचं रुसतं. कामाकडे वळू या."

जिन्यात उभ्या असलेल्या पुष्पाताई खाली आल्या. केतकीची भरलेली बॅग उघडून त्या तिचे कपडे पुन्हा कपाटात लावू लागल्या.